परतीचे दात

माझ्या सासऱ्यांकडं झाडं कापायचं एक परदेशी यंत्र होतं आणि दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. त्यानं झाडंही कापावीत, अशी मात्र कोणाचीच अपेक्षा नव्हती.

ते यंत्र त्या घरात आलं त्याचं असं झालं. भूकंपानंतर निलंग्याकडच्या त्या पट्ट्यात कुठून कुठून मदतीची माणसं आली. त्यातल्या एका परदेशी तुकडीनं मामांच्या शेतात तंबू ठोकले. (मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात.) पडलेल्या घरांच्या तुळया कापायला त्यांच्याकडं हे यंत्र होतं. मामींनी त्या सगळ्यांना पिठलं, भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. निघताना त्यातल्या एका उंच गड्यानं डोळ्यांत पाणी आणून ते यंत्र मामांच्या हवाली केलं. पाणी मायेचं होतं की ठेच्याचं, हे कधी कळलं नाही. कारण त्याची भाषा आमच्यात कोणाला येत नव्हती, आणि ठेचा खाल्ल्यावर त्यालाही ती येईनाशी झाली होती!

यंत्र दिसायला साधंच. मागं पेट्रोलवर चालणारं इंजिन, पुढं हातभर लांब लोखंडी पातं, आणि त्या पात्याच्या कडेनं गरगर फिरणारी, सायकलला असते तशी एक चेन. फरक इतकाच की या चेनला दात होते. मामांनी सुरुवातीला हौसेनं चार-दोन फांद्या कापल्या, मग एकदा विहिरीचा जुना खांब कापायला घेतला. खांबात खिळे होते. त्या दिवसापासून यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेलं आणि त्याला हळदीकुंकू सुरू झालं.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा लातुरात गणित शिकवत होतो. त्या दिवसांत लातुरात ज्याच्याकडं एक खोली आणि एक फळा होता, तो क्लास काढत होता. नांदेड, देगलूर, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची आणि त्यांचे आईबाप आमच्यासमोर हात जोडून म्हणायचे, "सर, आता तुमीच." उठल्यापासून झोपेपर्यंत "सर, सर" ऐकून माणसाचं काय होतं? त्याच्या तोंडून "मला माहीत नाही" हे वाक्य निघेनासं होतं. माझं अगदी तेच झालं होतं. बायको, सुनंदा, सगळ्यांसमोर म्हणायची, "ह्यांला कुणी पत्ता इचारला, तर ठाव नसला तरी सांगतेत. वर त्या माणसाला चौकापर्यंत सोडून बी येतेत!"

तर भूकंपानंतर काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात माझ्या मेव्हणीला, शकूला, बघायला देवणीहून पाहुणे येणार होते.

शकूचं लग्न जमणं हा मामांच्या जिवाला लागलेला घोर होता. पोरगी हुशार, बारावी झालेली, तोंडानं जरा फटकळ. पण अडचण पोरीची नव्हती, घराची होती. भूकंपानंतर मामांनी स्लॅबखाली झोपायचं सोडलं होतं. सरकारनं नव्या गावठाणात बांधून दिलेल्या पक्क्या घरात ते कडबा भरायचे आणि स्वतः बायकापोरांसकट शेतात, पत्र्याच्या घरात राहायचे. आधी येऊन गेलेल्या पाहुण्यांनी दोन्ही घरं बघितली होती आणि जाता जाता बोलून गेले होते, "कडब्याला स्लॅब आन् पोरीला पत्रा व्हय?" मामा त्या रात्री जेवले नव्हते.

म्हणून यावेळी सगळं नीट व्हायला हवं होतं. स्थळ रऊफचाचांनी सुचवलेलं. चाचा मामांचे जुने दोस्त. उदगीरला त्यांचं कापडाचं दुकान. मामांच्या आणि पाहुण्यांच्या, दोन्ही घरांचे लग्नाचे बस्ते तिथंच फाडले जायचे, त्यामुळं कोणाच्या घरात उपवर कोण आहे हे चाचांना घरच्यांच्या आधी ठाऊक असायचं. मी आणि सुनंदा मदतीला म्हणून आदल्या दिवशीच पोचलो. अंगण सारवून झालं होतं, पत्र्याला निळा रंग लागला होता, बैलांची शिंगंसुद्धा रंगवली होती. ("बैलांला बगायला येणारेत का मला?" असं शकूनं विचारल्याचं कळलं.)

आणि संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं.

वारं फार वेळ नव्हतं, पण जेवढं होतं तेवढ्यात शेताच्या वाटेवरचा थोरला कडुलिंब मुळासकट कलंडला. चारी बाजूंना मोकळं रान पडलेलं असताना तो पडला नेमका वाटेवर, आडवा! दोन्ही अंगांनी घायपाताचं कुंपण. जीप सोडा, शेळीही वळसा घालून येईना.

सकाळी आम्ही सगळे त्या झाडापुढं उभे होतो. मामांनी डोक्यावरचा पटका काढला, परत घातला.

"सोयरिकीच्या वाटंत झाड आडवं," ते म्हणाले. "पावने इथनंच माघारी वळतेल."

मेव्हणा बालाजी आधीच कुऱ्हाड घेऊन आला होता. मोजकं बोलणारा, कामाचा माणूस. त्यानं फांद्या झपाझप तोडल्या आणि खोडाकडं वळला, तोच मामा ओरडले, "ठेव ती! घरात यंत्र कशाला हाय?"

"पूजंला," बालाजी म्हणाला.

"आन ते!"

यंत्र आलं. हळदीकुंकवाची पुटं चढून त्याला शेंदूर लावलेल्या देवाचं रूप आलं होतं. बालाजीनं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरलं, दोरी ओढली, ओढली, ओढतच राहिला. शेवटी यंत्र खोकललं आणि सुरू झालं. त्यानं पातं खोडावर टेकवलं. आवाज भयंकर, धूर भरपूर, आणि खोडावर एवढीशी रेघ!

"दादा," बालाजी वडलांना म्हणाला, "हे कापून न्हाई राह्यलं. नुस्तं घासून राह्यलं."

धार गेली होती. म्हणजे त्या खांबातल्या खिळ्यांपाशीच गेली होती, नंतरची सगळी वर्षं आम्ही बोथट देवाला नमस्कार करत होतो. मग कोनाड्यातून यंत्राची पिशवी निघाली. पिशवीत पेन्सिलीएवढी एक गोल कानस होती आणि ती कानस धरायला लोखंडी पट्टीची एक चौकट. चौकट चेनच्या दातावर ठेवायची आणि तिच्यावरच्या तिरप्या रेघेच्या अंदाजानं कानस पुढं ढकलायची, म्हणजे धार बरोबर कोनात लागते. रेघेशेजारी आकडा कोरला होता : तीस.

मामांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, हे तर कोनाचं काम निघालं! सर, हे तुमचंच की हो!"

(सासऱ्यानं जावयाला 'सर' म्हणावं, याहून मोठा सन्मान नाही आणि याहून मोठा सापळाही नाही.)

सुनंदा माझ्याकडं बघत होती. तिची नजर म्हणत होती, 'माहीत नाही म्हणा. एकदा तरी म्हणा.' मी बाही मागं सारली आणि म्हणालो, "बाज आणा. आणि चहा."

बाजेवर बसून मी यंत्र मांडीवर घेतलं. आधी दातांवरचं कुंकू खरवडलं. पहिल्या दातावर चौकट ठेवली, रेघ जुळवली, कानस पुढं ढकलली. सर्रर्र! लोखंडाचा चकचकीत कीस पडला. अहो, काय तो आनंद! फळ्यावर इतकी वर्षं कोन काढले, पण त्यातल्या एकानंही कधी असा आवाज काढला नव्हता. मी बोलू लागलो. कोन म्हणजे काय, धार आणि कोन यांचा संबंध काय, कानस फक्त पुढंच का ढकलायची आणि मागं आणताना उचलायची का (हे मला चौकटीवरच्या बाणामुळं कळलं होतं, पण मी ते सांगितलं नाही). मामा मान डोलावत होते. बालाजी कुऱ्हाडीवर हनुवटी टेकवून ऐकत होता.

शकू चहा घेऊन आली आणि वाकून बघत राहिली.

"दाजी, हे दात एक हिकडं तोंड करून, एक तिकडं तोंड करून कामून हायत?"

मी बघितलं. खरंच की! एक दात डावीकडं वळलेला, पुढचा उजवीकडं. माझी चौकट डाव्या दातावर छान बसत होती. उजव्यावर बसवायची तर सगळं यंत्र फिरवून दुसऱ्या अंगानं, उन्हात बसायला लागणार होतं. आणि असं का, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण बोलण्याची गाडी इतकी भरधाव होती की थांबायला जागाच नव्हती.

"सोपं आहे, शकू," मी म्हणालो. "चेन पात्यावरून जाते आणि परत येते. हे जायचे दात. ते परतीचे दात."

मामांनी बालाजीकडं असं बघितलं, की 'शिकला असतास तर तुलाबी कळलं असतं.'

"मग परतीच्यांला धार न्हाई लावायची?"

"कापायचं काम जायच्या दातांचं. परतीचे रिकामे येतात."

"पर दाजी," शकू म्हणाली, "चेन तर गोल हाय. जे गेले तेच फिरून येतेत न्हवं?"

"शकू, तुझे पोहे बघ!" मी म्हणालो.

अशा रीतीनं मी सगळ्या डाव्या दातांना उत्तम, अगदी तीस अंशात धार लावली. परतीच्या दातांना हातही लावला नाही.

कापायचा मान मामांनी मलाच दिला. मी पाय रोवले, बालाजीनं दोरी ओढली, यंत्र गरजलं आणि पातं लोण्यात जावं तसं खोडात शिरलं. भुसा उडाला! मामा टाळी वाजवणार होते, तेवढ्यात पातं डावीकडं वळायला लागलं.

"सर, सरळ धरा!"

"सरळच धरलंय!"

"डावीकडं चाललंय ते!"

"मी नेत नाहीय, तेच चाललंय!"

"मग झाड वाकडं असंल," मामा म्हणाले. जावयावरची श्रद्धा इतकी की त्यांनी झाडाला दोष दिला! पण झाड सरळ होतं, मीही सरळ होतो आणि पातं मात्र आत शिरून शिरून कोयत्यासारखा बाक घेत होतं. मी उजवीकडं रेटा दिला. ते जास्तच चिडलं. मी ते उपसून परत घालायला गेलो, तर हात निसटला आणि पात्याचं टोक खोडावरून घसरून खाली मुरमात घुसलं. ठिणग्या! धूळ! मामींनी घरातून ओरडून विचारलं, "काय जळालं गं?" मी घाईनं पातं उचलून पुन्हा त्याच वाकड्या फटीत घातलं, आणि त्याच क्षणी अख्ख्या खोडानं एक सुस्कारा टाकल्यासारखं करून बूड टेकवलं. फट मिटली. पातं आत. इंजिन बंद.

मी ओढलं. बालाजीनं ओढलं. मामांनी माझी कंबर धरून ओढलं. यंत्र हललं नाही.

"आता?" बालाजीनं विचारलं.

लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला.

मला आजही ते दृश्य आठवलं की घाम फुटतो. वाटेवर आडवं झाड. झाडात रुतलेलं परदेशी यंत्र, त्याची मूठ आभाळाकडं. शेजारी अंगभर भुसा आणि कपाळावर कुंकू (घाम पुसताना लागलेलं) अशा अवस्थेतला थोरला जावई. आणि समोर येऊन थांबलेली जीप.

आधी रऊफचाचा उतरले. पांढरा शुभ्र कुर्ता, कानात अत्तराचा फाया. त्यांनी झाड बघितलं, यंत्र बघितलं, मला बघितलं.

"या अल्ला! मास्टरसाब, हे काय तोरण बांधून राह्यलेत?"

मागून मुलाचे वडील, माधवराव, गुडघ्यावर हात ठेवत उतरले. आणि मग मुलगा, विलास. सडपातळ, नवा कोरा शर्ट, केसांना भरपूर तेल. शेतकीची पदविका केलेला, देवणीला बियाणांच्या दुकानात कामाला. माधवराव झाडापाशी येऊन उभे राहिले. मामांचा पटका पुन्हा हातात आला होता.

"पावनं," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता, "कालच्या वाऱ्यानं पडलं हो. दुसरं काय मनात आनू नका. माघारी वळू नका."

माधवरावांनी झाडावरून पलीकडं, निळ्या पत्र्याच्या घराकडं बघितलं.

"तिथं ऱ्हाताव का तुमी?"

मामांनी मान खाली घातली. "हाव."

"बरं करताव. आमचं गाव काय भूकंपात पडलं न्हाई, पर त्या सकाळपासनं मीबी पत्र्याखालीच झोपतो. पोरं हासतेत. हासू द्या." मग ते खोडावर बसले आणि म्हणाले, "विलास, बग रं काय झालंय मशिनीला."

मामांनी पटका डोळ्यांवरून फिरवला आणि मगच, जरा घाईनं, डोक्याला गुंडाळला.

विलासनं घड्याळ काढून वडलांच्या हातात दिलं. बालाजीनं फटीत पाचर ठोकली, दोघांनी मिळून यंत्र सोडवलं. विलासनं चेन निरखली.

"धार कोणी लावली?"

"मी," मी म्हणालो. नाकारण्यात अर्थ नव्हता. कानस अजून माझ्या खिशात होती.

"झ्याक लावलीय की हो, सर! फकस्त ह्या बाजूची ऱ्हायली."

"ती परतीची..." मी सुरू केलं. कुंपणाआडून कोणीतरी खोकललं. शकू पोह्यांची कढई सोडून तिथं येऊन उभी होती. मी वाक्य गिळलं.

"मी लावतो," विलास म्हणाला आणि बाजेवर बसला. आता खरं तर गोष्ट इथंच मार्गी लागायची. पण मुरमात घुसून माझ्या डाव्या दातांची धार पार गेली होती, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत असूनही मी सांगितलं नाही, कारण मग मुरमाचा विषय निघाला असता. बालाजीनं त्याला हळूच सुचवलं, "त्या बाजूला बी एक हात मारा की." त्यावर विलास काय म्हणाला असेल? "छे, छे! सरांनी लावलेल्या दाताला आपण कसं हात लावायचा?"

इतका संस्कारी मुलगा मी आयुष्यात पाहिला नाही. त्या संस्कारानं घात केला.

त्यानं उजव्या दातांना मन लावून धार दिली, नवा शर्ट घामानं भिजवला आणि माझ्या फटीच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, नव्यानं कापायला सुरुवात केली. भुसा उडाला. माधवराव खूष. रऊफचाचा म्हणाले, "बघा, शिकलेला पोरगा हाय, सीधा कापून राह्यला!" आणि पातं उजवीकडं वळायला लागलं.

तुम्हाला सांगतो, मला इतकं बरं वाटलं! बरं वाटू नये, हे कळत होतं. मामांच्या पोरीचं लग्न त्या फटीत अडकलं होतं. पण माझं यंत्र डावीकडं गेलं होतं आणि त्याचं उजवीकडं चाललं होतं (ज्या अंगाच्या दातांना धार, त्या अंगाला पातं वळतं, हे आम्हाला फार नंतर कळलं), म्हणजे दोघांची अब्रू आता समसमान वाकडी झाली होती.

"विलास, सरळ धर!" माधवराव ओरडले.

"सरळच धरलंय, आबा!"

"उजवीकडं चाललंय ते!"

मी अनुभवी आवाजात म्हणालो, "तेच जातं हो. आपण नेत नाही." विलासनं माझ्याकडं अशा कृतज्ञतेनं बघितलं, की आमचं नातं तिथंच पक्कं झालं.

त्यानं यंत्र थांबवलं. तेवढ्यात कुंपणाआडून शकू सरळ पुढंच आली. पदर नीट, हातात झारा. मामींनी मागून "अगं, अगं" केलं, पण ती कसली थांबते?

"हे उजवीकडं कामून चाललंय?" तिनं विलासला विचारलं. बघण्याचा कार्यक्रम अजून सुरूच झालेला नव्हता, खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या, आणि मुलीनं मुलाला पहिला प्रश्न विचारला होता. ("स्वयंपाक येतो का?" हा प्रश्न त्या दिवशी कोणाला सुचलाच नाही.)

विलासनं कपाळावरचा भुसा पुसला. यंत्राकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं.

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला. "कायतरी चुकलं माझं."

शकू सुनंदाकडं वळून, कुजबुजते आहे असं समजून, पण रानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली :

"अक्का, हा 'माहीत न्हाई' म्हनला! आपल्या घरात असा पुरुष आजून आलेला न्हाई. माझ्याकडनं हाव सांग."

सुनंदा इतकी हसली, की तिला बाजेवर बसायला लागलं. मामांना काही कळेना. मी दुसरीकडं, अर्धापूरकडून केळीची गाडी येतेय का काय अशा थाटात, रस्त्याकडं बघत उभा राहिलो.

"आता काय, संपवा तेवढं," रऊफचाचा म्हणाले. विलासनं पुन्हा यंत्र चालू केलं. त्याची फट उजवीकडं, उजवीकडं सरकत खाली गेली आणि माझ्या डावीकडं आलेल्या फटीला खोडाच्या पोटात जाऊन मिळाली. धप्पकन आवाज झाला आणि लाकडाचा एक भलामोठा पाचरीसारखा ढलपा सुटून माझ्या पायाजवळ पडला. खोडात खोल, रुंद खाच! लाकूडतोड्यानं कुऱ्हाडीनं पाडावी तशी!

"वाह!" चाचांनी दोन्ही हात वर केले. "एक दामाद हिकडनं चुकला, दुसरा तिकडनं चुकला, आन् काम फत्ते! माधवराव, सोडू नका हे घर!"

"आमी कुठं सोडून राह्यलो?" माधवराव हसून म्हणाले. "पोरगं तर सोयरीक व्हायच्या आधीच कामाला लागलं!"

बालाजीनं सकाळपासून हातात धरलेली कुऱ्हाड त्या खाचेत घातली आणि उरलेलं खोड तोडून टाकलं. मग रंगीत शिंगांचे बैल आणले, साखळदंड बांधला आणि झाड बाजूला ओढलं. जीप आत आली. पोहे करपले होते; सगळ्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले, आणि माधवरावांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. सुपारी त्याच दुपारी फुटली.

शकूचं लग्न त्याच उन्हाळ्याच्या शेवटी लागलं आणि झकास चाललंय. विलासला अजूनही बऱ्याच गोष्टी माहीत नसतात आणि तो तसं सांगतो. त्या घरात त्यामुळं भांडणं होत नाहीत म्हणे. सुनंदा हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

यंत्र मात्र मामांनी परत कोनाड्यात ठेवलं. पण तो सुटलेला ढलपा त्यांना टाकवेना. दोन्ही जावयांच्या हातचं लाकूड, शुभ! सुताराकडून त्यांनी त्याला रंधा मारून घेतला, वर कमळ कोरून घेतलं आणि जेवायला बसायचा पाट केला. सुतार तरी काय करणार? एका बाजूला वीतभर जाड आणि दुसऱ्या बाजूला पापडासारखा, असा तो पाट आहे. दिवाळीत आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला त्याच्यावर बसवायची त्या घराची रीतच पडली आहे. आम्ही दोघं जावई एकदमच जातो, पण विलास हात जोडून म्हणतो, "छे, छे! मान थोरल्यांचा." मग मी बसतो, आणि पहिला घास घ्यायच्या आत उतारावरून घसरायला लागतो. वरणभातापर्यंत मी निम्मा खाली आलेला असतो. पुरणपोळी येते तेव्हा माझं नाक ताटाला टेकलेलं असतं. आणि मामी पदरानं वारा घालत शेजारणींना कौतुकानं सांगतात, "बगा, एवढं शिकलेले, पर किती वाकून जेवतेत! गर्व म्हनून न्हाई!"